प्रमाणपत्र खांबावर चढत नाही

वळवाचा पहिला पाऊस. वारं सुटतं, आंब्याची फांदी तारेवर येते, डीपीवर जाळ होतो आणि गाव अंधारात जातं. पहिला फोन कुणाला जातो?

टोल फ्री क्रमांकाला जात नाही. सेक्शन ऑफिसलाही जात नाही. जातो गावातल्याच एका पोराला. त्याच्याकडे पक्कड आहे, टेस्टर आहे, खांबावर चढायची छाती आहे. नोकरी नाही.

गावोगाव त्याला एकच नाव आहे. झिरो वायरमन.

लाइनमनच्या मागे पिशवी धरून फिरता फिरता हा शिकला. फ्यूज टाकला की पन्नास, जम्पर जोडला की शंभर. कुठल्याही हजेरीपटावर त्याचं नाव नाही. तारेला चिकटला तर अपघाताच्या कागदावर तो ‘बाहेरची व्यक्ती’ असतो. वर्षानुवर्षं ज्याने गावात उजेड आणला, तो मेल्यावर बाहेरचा ठरतो.

ऊर्जा क्षेत्रातल्या करिअरबद्दल सध्या फार बोललं जातं. रोजगार मेळावे भरतात, बॅनर लागतात, सौरऊर्जेत नोकऱ्याच नोकऱ्या असं सांगितलं जातं. माझा प्रश्न साधा आहे. खांबावर, छतावर आणि शेतातल्या पंपाच्या पेटीसमोर जो उभा राहणार आहे, त्याला शिकवतंय कोण?

आधी सरकारी दारातून आत जाऊ.

आयटीआयच्या पाटीवर सुरेख मराठी शब्द आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही दोन-दोन वर्षांचे. तारतंत्रीला आठवी पास मुलगाही बसू शकतो. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. म्हणजे शाळा जवळ आहे, फी परवडणारी आहे, शिकायला पोरंही आहेत. तरीही झिरो वायरमन आहे.

का?

कारण दोन वर्षांत पोराचे हात किती तास कामाला लागले, हे कुणी मोजत नाही. हजेरी मोजतात. पोरगा बोर्डाचं वायरिंग करतो, मोटार स्टार्टर जोडतो, जर्नल रंगवतो. खांब? एका संस्थेत मी मुद्दाम विचारलं, सरावाचा खांब कुठाय? दाखवला. आवाराच्या कोपऱ्यात उभा होता, बुंध्याशी कमरेइतकं गवत. पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.

शिकवणाऱ्यांची अवस्था बघा. कित्येक ठिकाणी निदेशक तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. यांतले अनेकजण मनापासून शिकवतात, मी पाहिलंय. पण चांगला लाइनमन व्हायला दहा वर्षं लागतात आणि चांगला निदेशक व्हायला त्याहून जास्त. अकरा महिन्यांच्या हिशेबात तो कसा घडणार?

पास झालेला पोरगा मग जाहिरातीची वाट बघतो.

२०२३ च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागा काढल्या. तीन वर्षांचं कंत्राट. पहिल्या वर्षी महिना १५ हजार मानधन, मग १६, मग १७. तीन वर्षं निभावली की तंत्रज्ञ. रांगेत उभं राहावं अशी नोकरी आहे, लोक उभे राहिलेही. पण ‘सहाय्यक’ हा शब्द जरा नीट वाचा. सहाय्य कुणाला करायचं? ज्येष्ठ लाइनमनला. आणि तो ज्येष्ठ मागच्याच वर्षी निवृत्त झाला असेल तर?

तर सहाय्यकच लाइनमन. पहिल्याच पावसाळ्यात.

निवृत्त होणारा माणूस बरोबर काय घेऊन जातो, याची नोंद कुठल्याच फायलीत नसते. कोणता खांब कलतोय, कोणती तार ओढ्यावर झुकते, कोणता एबी स्विच अर्धाच उघडतो, कोणत्या वस्तीत जनरेटर आहे. तीस वर्षांचं ज्ञान श्रीफळ आणि शाल घेऊन एका संध्याकाळी घरी जातं. त्याच्या शेवटच्या वर्षभर नवा पोरगा रोज त्याच्याबरोबर फिरेल, एवढा साधा नियम करायला कोणती समिती लागते?

आता जरा थांबून एक गोष्ट सांगतो. ‘लाइन बंद आहे’ या तीन शब्दांवर विश्वास ठेवून माणसं गेली आहेत.

लाइन बंद घेणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं. एबी स्विच उघडायचा आणि तिन्ही पाती खरंच उघडली का, ते खालून डोळ्यांनी बघायचं. एखादं पातं अडकून राहतं, तेवढंच पुरतं. मग तारेत वीज नाही ना, हे तपासायचं. मग डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तार जमिनीशी जोडायची. दोन्ही बाजूंनी कशाला?

कारण वीज फक्त उपकेंद्राकडूनच येते असं नाही.

गावात लग्न आहे. वीज गेली म्हणून मंगल कार्यालयाने जनरेटर लावला. चेंजओव्हर स्विच बसवलेला नाही. जनरेटरची वीज उलटी फिरते, डीपीत शिरते, आणि रोहित्र आपलं काम उलट्या दिशेने करतं. खालचे ४४० व्होल्ट वर ११ हजार होऊन निघतात. खाली पंगत बसली आहे आणि वर ‘बंद’ लाइन जिवंत आहे.

हे पुस्तकात आहे? आहे. परीक्षेत विचारतात? विचारतात. पण रात्री साडेअकराला, पाऊस सुरू असताना, सरपंचाचे चार फोन येऊन गेल्यावर, विसरलेला रॉड आणायला चिखलातून गाडीपर्यंत परत जाण्याची सवय पुस्तकाने लागत नाही. ती शंभर वेळा करून लागते. दिवसा, कोरड्यात, शेजारी कुणीतरी ओरडणारं असताना.

ते ओरडणारं माणूसच आपण काढून टाकलंय.

देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी १० हजारांहून अधिक माणसं मरतात. यात शेतकरी आले, मजूर आले, घरातल्या बाया आल्या, लाइनवरचे आले. एवढी माणसं एखाद्या रोगाने गेली असती तर आपण लस शोधायला निघालो असतो. इथे लस माहीत आहे. ती टोचायला वेळ नाही.

४ मार्चला लाइनमन दिवस साजरा होतो. व्हावाच. त्या दिवशी शाल देऊ नका, हातमोजे द्या. ११ हजार व्होल्टसाठी तपासलेले, ज्याच्या त्याच्या मापाचे. आणि ते वापरायचे कसे, हे करून दाखवा. रबरी मोजा घालण्याआधी त्याची कड गुंडाळून आत हवा कोंडायची, कुठे फुसकी येते का बघायचं. सुईएवढं भोक जीव घ्यायला पुरतं. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी किती पोरांना कुणी कधी दाखवली?

मोबाइलवर एक चित्रफीत फिरत असते. लाइनमन पुराच्या पाण्यातून पोहत जातो, शिडीशिवाय खांबावर सरसर चढतो. हजारो लोक सलाम ठोकतात. मीही ठोकतो. पण त्याच्या कमरेला पट्टा आहे का, हे सलाम ठोकताना कुणी बघत नाही. शौर्य लागतं, तिथे आधी कुणाची तरी जबाबदारी चुकलेली असते.

आता सौरकडे वळू. तिथे तर सगळंच नवं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, ३ किलोवॉटच्या छताला ७८ हजारांचं अनुदान. मंजुरीबरोबर आणखी एक आकडा आला: सुमारे १७ लाख थेट रोजगार. योजना चांगली आहे, वीजबिल खरंच उतरतं. पॅनेल कारखान्यात बनतं. तंत्रज्ञ कारखान्यात बनत नाही.

त्यासाठी सूर्यमित्र हा अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. ६०० तासांचा, म्हणजे तीनेक महिन्यांचा. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने आखलेला. आयटीआयतही सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. कागद नीट आहे. माझा प्रश्न पुन्हा तोच. त्यातले किती तास छतावर?

कारण छतावरची वीज वेगळी आहे.

घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. म्हणून स्विच उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. पॅनेलची डीसी शून्यावर येतच नाही. इन्व्हर्टर चालू असताना कनेक्टर ओढला की ठिणगी विझत नाही, ती ताणत जाते आणि जाळ धरते. त्यात पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर ते जिवंत. एकेक पॅनेल चाळीस-पन्नास व्होल्टचं, म्हणून साधं वाटतं. सहा एका माळेत जोडली की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात. मोठ्या प्रकल्पांत ही माळ १,५०० व्होल्टपर्यंत जाते.

वीस वर्षं घरांचं वायरिंग केलेला पक्का वायरमन इथे पहिल्या दिवशी नवशिका असतो. आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण सगळं बारीक गोष्टीतच आहे. कनेक्टरची पिन तारेवर खास हत्याराने दाबायची असते. पकडीने दाबली तरी इन्व्हर्टरचा दिवा हिरवा होतो, मीटर फिरतं, घरमालक पेढे देतो. दोन उन्हाळे जातात. ढिली जोडणी तापते, काळी पडते, वितळते. तोवर बसवणारा दुसऱ्या जिल्ह्यात तिसऱ्या कंत्राटदाराकडे असतो. हे दाबायचं हत्यार प्रत्येक शिकणाऱ्याच्या हातात का नसावं? घर आयुष्यभराच्या कमाईचं असतं, छताखाली लेकरं झोपलेली असतात.

शेतात चला.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ ची. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. रात्री-अपरात्री बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळतं, याचं मोल शहरात बसून कळणार नाही. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची, असंही लिहिलेलं आहे. पण कंट्रोलरवर लाल दिवा लागला आणि कांदा सुकायला लागला, की ही जबाबदारी कोणत्या मोटारसायकलवरून येते? तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शेतकरी कुणाला हाक मारतो?

झिरोला.

झिरोने आजवर एसी मोटारी खोलल्या. तो पेटी उघडतो. डोक्यावर ऊन आहे, तारांत वीज आहे, आणि मेन स्विच पाडला की सगळं मेलं अशी त्याची समजूत आहे. त्याची समजूत चुकीची ठरवायला एक दिवसाचं प्रशिक्षण पुरलं असतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं दुसरं पर्व २०२३ मध्ये सुरू झालं. शेतीचे फीडर सौरवर न्यायचे, उद्दिष्ट १६ हजार मेगावॉट. गावाशेजारी चार-पाच मेगावॉटचे प्रकल्प उभे राहतायत. जमीन गावची, ऊन गावचं. गावच्या पोराच्या वाट्याला बऱ्याचदा काय येतं? गवत काढणं, पॅनेल धुणं, रात्रीची राखण. इन्व्हर्टर उघडणारा बाहेरून येतो. रोज पॅनेल पुसणाऱ्या पोराला मल्टीमीटर धरायला आणि माळेचे व्होल्ट मोजायला शिकवलं, तर बिघाड त्याच दिवशी कळेल. कंपनीचा फायदा आहे यात. मग अडतंय कुठे?

माणसाला शिकवलं की पगार वाढवावा लागतो, तिथे अडतंय.

‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाचा अर्थ विदर्भाला विचारा. औष्णिक वीज केंद्रांसाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांची मुलं ‘प्रकल्पग्रस्त प्रशिक्षणार्थी’ म्हणून केंद्रात जातात. मिळतं ते विद्यावेतन. काम कायम कामगाराच्या बरोबरीने. कायम करा म्हणून आंदोलनं झाली. लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली, तरी बाप प्रशिक्षणार्थीच. बाप आणि मुलगा एकाच वेळी शिकतायत, असं दुसरं कोणतं क्षेत्र आहे?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे, हे बंधन आहे. घेतातही. पण एक शिकाऊ वर्षभर फीडरवर फिरतो, दुसरा वर्षभर ऑफिसात झेरॉक्स काढतो आणि बिलांचे गठ्ठे बांधतो. वर्षाअखेर दोघांच्या हातात सारखाच कागद. मालकाने कुणाला घ्यावं? तो दोघांवरही विश्वास ठेवत नाही आणि ओळखीच्या माणसाच्या भाच्याला घेतो.

आपण नेहमी चुकीचं मोजतो. किती प्रशिक्षित झाले, किती प्रमाणपत्रं वाटली, मेळाव्याला किती आले. दोन वर्षांनी त्यातले किती याच कामात टिकले, हे विचारा. त्यांनी केलेल्या जोडण्यांपैकी किती जळाल्या, हेही विचारा. सोपं उत्तर मिळणार नाही. पण निदान प्रश्न तरी बरोबर असेल.

जर्मनीचं उदाहरण देतात. देऊ या. २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पाठवायच्या माणसांत वीजतंत्रीही आहेत. तिथला वीजतंत्री किती शिकतो? साडेतीन वर्षं. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत प्रत्यक्ष कामावर, एक-दोन दिवस शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार. आपण पोरांना जर्मन भाषा शिकवायला घेतली, उत्तम केलं. ती पद्धत मात्र इकडे आणायला व्हिसा लागत नाही.

मुलींचं काय? सरकारी भरतीत ३० टक्के जागा आहेत. महिला तंत्रज्ञ खांबावर चढतात, फॉल्ट काढतात, वसुलीलाही जातात. जमेल का, हा प्रश्न संपलेला आहे. उरलेला प्रश्न असा, की पट्टा आणि बूट त्यांच्या मापाचे आहेत का, आणि रात्रपाळीच्या सेक्शन ऑफिसात वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. हे प्रशिक्षणाबाहेरचे विषय आहेत असं ज्याला वाटतं, त्याने आठ तास खांबाखाली उभं राहून बघावं.

झिरोकडे परत येतो. त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्याला गावातला प्रत्येक खांब माहीत आहे. कुठल्या डीपीवर किती मोटारी आहेत, कुणाचा आकडा आहे, कुठली तार कधी तुटते. एवढं शिकायला दुसऱ्याला पाच वर्षं लागतील. आधी शिकलेलं कौशल्य तपासून मान्य करायची सोय कौशल्य विकास योजनेत आहेच. मग त्याला वर्गात कोंडून ओहमचा नियम पाठ करायला लावू नका. आधी चढू द्या. खाली उभं राहून बघा. काय येतं ते लिहून घ्या, काय चुकतं ते शिकवा. मोजे, रॉड, तपासणी, परमिट, डीसी. मग परवाना द्या, विमा द्या आणि कामाचे पैसे उघडपणे द्या. २०१६ मध्ये छोट्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायचं राज्याने ठरवलं होतं, आयटीआय झालेला गावातलाच मुलगा. विचार अगदी नेमका होता. आज आपल्या गावात तो कोण आहे, विचारून बघा.

तोवर काय चालू आहे, तेही सांगतो.

उपकेंद्रात परमिटची वही असते. त्यात नावाचा रकाना असतो. तिथे लाइनमनचं नाव लिहिलं जातं. त्या रात्री फॉल्ट दोन ठिकाणी असतात, लाइनमन एकच. तो एका गावात, झिरो दुसऱ्या गावात खांबावर. दोघांत बोलणं मोबाइलवर, आणि पावसात रेंज जाते. एवढ्यात झालं असेल काम, असं धरून लाइनमन परमिट परत करतो. ऑपरेटर वही बघतो. ज्याचं नाव लिहिलंय, त्यानेच परत केलंय. सगळं जुळतं. तो लाइन चार्ज करतो.

खांबावरच्या पोराचं नाव त्या वहीत नसतं.